चार नंबरचा पिस्टन

१

गाडी सुरू करण्याआधी मी रोज तीन कामं करायचो. टायरांवर लोखंडी दांडा मारून आवाज ऐकायचा, पट्टी ओढून ऑइल बघायचं, आणि रेडिएटरचं झाकण काढून पाण्यात बोट बुडवायचं. तेरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, तेव्हापासूनची ही सवय. १९८८ च्या मार्चमध्ये शिरपूरच्या बन्सीलालकडून जुना ट्रक घेतला, पहिलाच स्वतःच्या नावाचा, तरी सवय तीच राहिली.

पिंप्राळ्यात आमच्या घराला लागून एक मोकळा प्लॉट होता. ट्रक तिथे उभा असे. एक दिवसाआड केळी भरायची आणि एरंडोल, पारोळा, मुकटी करत धुळ्याच्या वखारीत उतरवायची. सोबतीला भटू नाना, माझे चुलते. चौतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. गावी नाना आणि तानू काकू दोघंच. मी ट्रक घेतल्याचं कळलं तसे ते धोतराची पिशवी घेऊन दारात हजर झाले.

"घरमा बशीसन हाडं गंजी जातीन रे," म्हणाले. "मी तुन्हा बाजूले बसस. तू चालाड."

या गाडीचं अर्धं इंजिन केबिनमध्ये येत असे. ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या मधोमध त्याचं पत्र्याचं झाकण. नाना त्यावर पंच्याची घडी ठेवत, तिच्यावर कोपर टेकत आणि रस्ताभर एसटीच्या गोष्टी सांगत.

पाचव्या खेपेच्या सकाळी मी रेडिएटरमध्ये बोट घातलं, तर ते कोरडं वर आलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः गळ्यापर्यंत पाणी भरलं होतं. गाडीखाली पालथा पडून पाहिलं. जमीन कोरडी. होज पाइप हाताने चाचपले, वॉटर पंपाखाली बोट फिरवलं. कुठे ओल नाही. एक कॅन भरून पाणी ओतलं आणि निघालो. धुळ्यात उतरून पाहिलं, तर ते सगळं गेलं होतं.

"गॅस्केट," मी नानांना म्हणालो. "दुसरं काय असणार?"

इंजिनाचा ब्लॉक खाली, हेड वर, आणि दोघांच्या मधे दाबून बसवलेला एक पातळ पत्रा. ते हेड गॅस्केट. ते जळलं की बाजूने फिरणारं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. मागे पांढरा धूर दिसतो. जुन्या गाडीत हे होतंच, त्यात नवल नाही.

परत येताना मी सबंध रस्ता आरशात बघत होतो. धूर नेहमीसारखा काळपट होता. पांढरा एकदाही नाही.

२

आवाज आधी ऐकला तो कुंदाने, माझ्या बायकोने.

सकाळचे सहा वाजले होते. नळाला पाणी आलं होतं आणि ती गाडीसाठी बादली भरून आणत होती. मी मागचे टायर बघत होतो. ती बॉनेटपाशी बादली टेकवून उभी राहिली ती तशीच.

"अहो, गाडी चालू केली का तुम्ही?"

"नाही अजून."

"मग आत काय वाजतंय?"

मी पुढे गेलो. बॉनेट उघडं होतं, झाकण काढून ठेवलेलं. रेडिएटरच्या तोंडातून आवाज येत होता. गट. मग थोडं थांबून, गट, गट. गॅस्केट गेलं की पाण्यात बुडबुडे येतात, ते मी शेकडो वेळा पाहिले आहेत. पण ते इंजिन चालू असताना. हे इंजिन काल संध्याकाळपासून बंद होतं. मी हात ठेवला. लोखंड गार होतं, पहाटेच्या हवेपेक्षा जास्त गार.

"आत हवा अडकली असेल," मी म्हणालो. "पाणी खाली बसतंय."

नाना तोंडात दातण घेऊन आले. त्यांनी डोकं वाकवलं, बराच वेळ ऐकलं, आणि दातण बाहेर काढलं.

"हाई उकळानं नही, लीलाधर. हाई पेवानं शे."

हा उकळण्याचा नाही, पिण्याचा आवाज, असं म्हणून ते हसत होते. मीही हसलो. कुंदा हसली नाही. तिने बादली उचलून माझ्या हातात दिली आणि घरात गेली. मी पाणी ओतलं. रेडिएटर आठ लिटरवर भरायला हवा होता. त्यात सबंध बादली गेली आणि पाणी दिसलंच नाही.

त्यानंतर तिने गाडीसाठी पाणी आणून दिलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मी ओतताना ते थांबतं. मी मागे वळले की परत सुरू होतं. मला नाही आवडत."

३

धुळ्यात हायवेला लागून निंबा मिस्तरीचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, मातीची जमीन, आणि निंबा एकटा. हाताखाली कुणी ठेवत नसे. पन्नाशीचा, बुटका, आणि हात असे की तीस वर्षांचं काळं ऑइल कातडीत मुरून गेलेलं. जेवायला बसायचा तेव्हा भाकरीवर बोटांचे ठसे उमटत.

त्याने गाडी चालू करून पाहिली. मग एक लांब लोखंडी सळई घेतली, तिचं एक टोक ब्लॉकला टेकवलं आणि दुसरं कानाला. मिस्तरी लोक असंच ऐकतात. प्रत्येक सिलिंडरचा आवाज सळईतून वेगळा कळतो. एक, दोन, तीन, चार. चारवर तो थांबला.

"बंद करा," म्हणाला.

मी इंजिन बंद केलं. निंबाने सळई कानापासून काढली नाही. बंद इंजिनाला कान लावून तो उभा राहिला. हायवेवरून चार-पाच गाड्या गेल्या. मग त्याने सळई खाली ठेवली, आणि तिचं कानाकडचं टोक फडक्याने पुसलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. खोलून बघू."

दुपारपर्यंत त्याने हेड उतरवलं. सहा पिस्टन ओळीने उघडे पडले. पाच काजळीने काळेभोर. चौथा मात्र लख्ख होता. चिंच लावून घासलेल्या तांब्यासारखा लख्ख. मला हायसं वाटलं. पाणी ज्या सिलिंडरमध्ये शिरतं तिथला पिस्टन वाफेने असाच धुऊन निघतो.

"म्हणजे इथूनच जातंय," मी म्हणालो.

निंबाने जुनं गॅस्केट उजेडात धरलं. मग माझ्या हातात दिलं. चौथ्या भोकाच्या कडेने मी दोनदा बोट फिरवलं. कुठे जळलेलं नाही, तडा नाही. फक्त पाण्याच्या वाटेपासून सिलिंडरपर्यंत एका जागी ते झिजून पातळ झालं होतं. दगडी पायरी मधोमध झिजते तसं, गुळगुळीत.

"लीलाधरभाऊ, हाई जळेल नही," निंबा म्हणाला. "मी असं कधी देखं नही."

"मग?"

"नवीन टाकू. वाट बंद झाली म्हणजे झालं."

त्याने हेड लेथवाल्याकडून तपासून आणलं. ते सरळ होतं. नवीन गॅस्केट बसवलं, बोल्ट आवळले. मी निघालो तेव्हा रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला होता. पिंप्राळ्याला पोचून पाहिलं तेव्हाही गळ्यापर्यंत. एक थेंब कमी नाही. त्या संध्याकाळी मी कुंदाला जिलबी आणली.

४

चार खेपा निर्धोक झाल्या. रेडिएटरला हात लावावा लागला नाही.

पाचव्या खेपेला पारोळ्याच्या अलीकडे मला तहान लागली. बाहेरच्या हुकाला कॅनव्हासची छागल टांगलेली असे, वाऱ्याने पाणी गार राहायचं. मी गाडी थांबवून ती काढली. रिकामी होती. कापड कडक वाळलेलं.

"नाना, सगळं पाणी प्यालात?"

"मी हात बी नही लावा छागलले."

मे लागला होता. अशा उन्हात कापडातून पाणी उडून जातं, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या खेपेला प्लॅस्टिकचा कॅन घेतला, झाकण घट्ट पिळून. एरंडोलला तो अर्धा झाला. पारोळ्याला तळाला. झाकण मी लावलं होतं तसंच होतं.

आणि नाना पाणी मागायला लागले. हॉटेलात उतरलो की दोन तांबे, तीन तांबे. पुन्हा केबिनमध्ये बसून पाच मैल झाले की जीभ ओठांवर. ओठांना चिरा पडल्या. गोष्टी सांगणं थांबलं.

"तोंडमा थुका बी नही रे," एकदा म्हणाले.

मला साखरेच्या रोगाचा संशय आला. पारोळ्यात डॉक्टरला दाखवलं. लघवी तपासली, साखर नव्हती. डॉक्टरने हाताच्या पाठीवरचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते उभंच राहिलं, हळूहळू खाली बसलं. "उन्हाने अंगातलं पाणी कमी झालंय. मीठसाखरेचं पाणी द्या, आराम करू द्या."

मी म्हणालो, "नाना, गावी सोडतो तुम्हाला. काकू आहे, चार दिवस पडून राहा."

"हाई खेप व्हऊ दे. मंग जासू."

त्यांच्या कोपराखाली इंजिनाचं झाकण होतं. पूर्वी त्यावर पंच्याची घडी लागायची, इतका पत्रा तापायचा. आता पंचा त्यांच्या गळ्यात होता आणि उघडा हात पत्र्यावर. मी ते पाहिलं होतं. पाहूनही मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ही गोष्ट मला आजही सुटत नाही.

५

धुळ्याला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. वखारीसमोर लिंबाच्या झाडाखाली गाडी लावली. नानांना तांब्याभर पाणी पाजलं, तांब्या पुन्हा भरून त्यांच्यापाशी ठेवला आणि माल उतरवायला मागच्या बाजूला गेलो. पाऊण तास गेला असेल.

परत येऊन दार उघडलं. नाना वाकून, गाल इंजिनाच्या झाकणावर टेकवून झोपले होते. लहान मूल आईच्या पोटाला कान लावतं तसे. तांब्या शेजारी रिकामा. पाणी कुठे सांडल्याची खूण नाही.

"नाना."

खांद्याला हात लावला, तर खांदा सरकला. माणूस इतका हलका नसतो. मी त्यांना उचलून सरळ केलं. डोळे उघडे होते, त्यांत चमक नव्हती, ओल नव्हती. तोंड उघडं होतं आणि जीभ वाळलेल्या चामड्याची. त्यांना सावरताना माझा दुसरा हात झाकणावर पडला. नव्वद किलोमीटर ओढून आलेलं इंजिन, बाहेर मे महिन्याची दुपार, आणि तो पत्रा माठासारखा गार होता. आणि त्याच्याखाली, तळव्याला जाणवलं, काहीतरी एकदा सावकाश गिळलं गेलं.

वखारीतले हमाल धावत आले. सरकारी दवाखान्यात नेलं. उष्माघात, असं लिहिलं. त्या आठवड्यात उन्हाने बरीच माणसं गेली होती, त्यामुळे कुणी जास्त विचारलं नाही.

संध्याकाळी गाडी निंबाकडे लावायला गेलो तेव्हा मी रेडिएटरचं झाकण काढलं. गॅस्केट बदलल्यापासून मी त्यात पाणी घातलं नव्हतं. झाकण सैल होताच पाणी वर आलं, काठावरून ओसंडलं आणि माझ्या पायांवर पडलं. ते कोमट होतं. अंगाइतकं कोमट.

६

तेराव्यापर्यंत मी गावी होतो. आमचं गाव गिरणेच्या काठी. तानू काकू भिंतीला टेकून बसलेली असायची. एकदाच म्हणाली, "पानी पाजं व्हतं ना रे तू त्यास्ले?"

"पाजलं होतं, काकू."

तिने मान हलवली. तिला माझ्यावर शंका नव्हती. त्यानेच मला जास्त त्रास झाला.

चौदाव्या दिवशी धुळ्याला गेलो. निंबाने शेडचं दार आतून लावून घेतलं. ट्रक होता तिथेच होता. पण निंबाने आपलं सामान, खाट, पाण्याचा माठ, सगळं समोरच्या टोकाला नेलं होतं.

"गल्लीतलं एक कुत्रं गाडीखाली झोपायचं," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी काढलं. कागदासारखं झालं होतं."

"निंबाभाऊ, तुम्ही त्या दिवशी सळईतून काय ऐकलं?"

"पीत होतं. मी सळई टेकवली तसं थांबलं. मला वाटलं माझा भास. मग मी हललो नाही, तेही हललं नाही. दोघं एकमेकांचं ऐकत होतो. मी सांगायला पाहिजे होतं, भाऊ. पण काय सांगणार होतो?"

आम्ही हेड पुन्हा उतरवलं. नवीन गॅस्केट निघालं, कोरं करकरीत, कुठेही झिजलेलं नाही. त्याची वाट आम्ही खरंच बंद केली होती. पाच पिस्टन काळे, चौथा लख्ख. तो सिलिंडरच्या तळाशी होता. निंबा म्हणाला, रिंगा तपासतो, कदाचित तिथून खाली ऑइलमध्ये पाणी जात असेल. खरं तर ऑइल स्वच्छ होतं, ते आम्ही दोघांनी पाहिलं होतं. पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

त्याने चार नंबरमध्ये हात घातला. मनगटापर्यंत. चाचपडला.

मग त्याचा चेहरा बदलला.

"भाऊ," तो अगदी हळू म्हणाला, "मऊ शे."

मी त्याचा दंड धरून ओढला. हात लगेच आला नाही. क्षणभर कुणीतरी धरल्यासारखा अडला आणि सुटला. आम्ही दोघं त्या हाताकडे बघत राहिलो. मनगटापर्यंत तो पांढरा होता. तीस वर्षांचं ऑइल, नखांतली काळी रेघ, कातडीत मुरलेला सगळा रंग गेला होता. बोटं सुरकुतली होती, आणि आमच्या डोळ्यांदेखत अजून सुरकुतत होती.

निंबाने दुसऱ्या हाताने फडकं गुंडाळलं. मग म्हणाला, "जुनं गॅस्केट टाकतो. याला इंजिनाचं पाणी पिऊ द्या. माणसांचं नको. दोन तासांत बसवतो, तुम्ही पान्यांना हात लावा. पण आजच घेऊन जा."

७

गाडी विकता आली असती. त्या दुपारी मी तेही मनात घोळवलं. पण घेणाऱ्याच्या शेजारी कुणीतरी बसलं असतं. भंगारात दिली असती, तर तोडणाऱ्याने हात घातला असता. ती घराशेजारी उभी करणं तर शक्यच नव्हतं. तिथे कुंदा होती.

परतीच्या वाटेवर मुकटीला एक बादली लागली. पारोळ्याला तीन. एरंडोलच्या हातपंपावर बायकांनी मला हटकलं, "इतकं पाणी गाडीला? आम्ही इथं तासभर उभ्या आहोत." मी हात जोडले. पाच बादल्या ओतल्या आणि तोंडाशी पाणी दिसलं नाही. शेजारची सीट रिकामी होती. मी डावीकडे पाहत नव्हतो. माझे ओठ वाळायला लागले होते.

गाडीला किती लागेल ते एकदा लागू दे, असं वाटलं. गावच्या वरच्या अंगाला गिरणेत मोठा डोह होता. बहात्तरच्या दुष्काळातही तो आटला नव्हता. पोहणाऱ्यांना त्याचा तळ लागत नसे. सूर्य टेकायला आला होता, काठावर कुणी नव्हतं. मी रेडिएटरचं झाकण काढून फेकून दिलं, गाडी पहिल्या गियरमध्ये उतारावर सोडली आणि उडी मारली.

ती सरळ पाण्यात शिरली. बॉनेट बुडलं, काच बुडली, ताडपत्रीचे गज बुडले. बुडालेल्या गाडीतून हवेचे बुडबुडे वर यायला हवेत. एकही आला नाही. उलट, गाडीच्या वरचं पाणी मधे जरासं दबलं, आत ओढल्यासारखं. काठावरचं पळसाचं एक पान तरंगत तिकडे निघालं, गोल फिरलं आणि खाली गेलं.

पाण्याखाली काच अजून अंधूक दिसत होती. तिच्या आतून, नाना बसायचे त्या बाजूने, फिकट असं काहीतरी काचेला येऊन टेकलं आणि सरकत खाली गेलं. छागल असेल, पाण्याने फुगलेली, असं म्हणत मी चालत रस्त्याला लागलो. छागल बाहेरच्या हुकाला टांगलेली होती, हे मला पिंप्राळ्याला घरात पाय ठेवताना आठवलं.

सकाळी मला राहवलं नाही. पहिल्या एसटीने गावी आलो आणि नदीवर गेलो. दुरूनच माणसं दिसली. बायका हंडे घेऊन काठावर ओळीने उभ्या होत्या, आणि कुणीही खाली उतरत नव्हतं.

डोह नव्हता. खोल खड्डा होता आणि त्याचा तळ दिसत होता. गाळाला भेगा पडल्या होत्या. मासे मेलेले नव्हते, वाळलेले होते. मधोमध माझा ट्रक उभा, कोरडा, काचेवर धूळ.

"वरच्या पंपांनी उपसलं असेल," कुणीतरी म्हणालं.

"पंप कसे चालतील? काल दुपारपासून लाइट नाही," दुसरा म्हणाला.

ओळीच्या शेवटी तानू काकू होती. तिने ट्रक ओळखला होता. ती हंडा काखेत धरून माझ्यापाशी आली, माझ्याकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं.

"लीलाधर," ती म्हणाली, "बठ्ठं पानी कोठे गयं रे?"

मी काही सांगायच्या आत तिने ओठांवरून जीभ फिरवली, आणि रिकाम्या हंड्यात डोकावून पाहिलं.